दिवळीतलं नेट

परतवाड्यात ज्यांच्या घरी २००५ ते २०१० च्या दरम्यान इंटरनेट आलं, त्यांना ते घरात कुठून शिरलं हे आजही बोट दाखवून सांगता येतं. कोपऱ्यावरच्या खांबाला टेलिफोनची डीपी. तिथून निघालेली काळी तार कडुनिंबाच्या फांद्यांतून, शेजाऱ्यांच्या टिनावरून, गच्चीतल्या खिळ्याला एक वेढा घेऊन खिडकीपाशी यायची. खिडकीच्या सागवानी चौकटीला गिरमिटानं पाडलेलं भोक फोन लागला तेव्हाचंच. मेळघाटचं सागवान इथल्याच लाकूड डेपोत उतरतं, त्यामुळे आमच्याकडे साध्या घराच्याही चौकटी अशा, की ते भोक पाडताना लाईनमनला घाम फुटला होता. आत भिंतीवर पांढरी डबी, डबीतून स्प्लिटर, स्प्लिटरची एक वायर फोनला आणि दुसरी मॉडेमला.

नेट असं दिसायचं. बंद पडलं की तारेवरून नजर फिरवत कुठं अडलंय ते शोधता यायचं, आणि घरातल्या प्रत्येकाला त्यावर काही ना काही म्हणायचं असायचं. आई म्हणायची वानरांनी तार ओढली, बाबा म्हणायचे खांबावरचा जोड ओला झाला, आणि आम्ही दिव्यांकडे बघत बसायचो. पॉवरचा दिवा लागलेला, डीएसएलचा लुकलुकतोय, म्हणजे लाईनच धरत नाहीये. डीएसएल स्थिर पण इंटरनेटचा दिवा नाही, म्हणजे लाईन ठीक, पासवर्ड नाहीतर बिल बघा. हे दिवे वाचायला आई आमच्या आधी शिकली. तिला संगणक लावता येत नव्हता, पण दुसरा दिवा नाचतोय की थांबलाय हे ती स्वयंपाकघराच्या दारातून सांगायची.

स्प्लिटरचं मात्र समजावता समजावता नाकी नऊ आले. तांब्याच्या त्याच दोन तारांवरून बोलणंही जातं आणि नेटही. बोलणं खालच्या चार किलोहर्ट्झमध्ये भागतं, डेटा त्याच्या बराच वरून जातो, आणि स्प्लिटर दोघांना वेगळं करतो. हे कळायच्या आधी घराघरांत आतल्या खोलीतल्या एक्स्टेंशन फोनची वायर सरळ डबीला जोडलेली असायची. मग फोनवर सुंसुं आवाज, आणि आत्यानं फोन उचलला रे उचलला की नेट गुल. दोष अर्थात पोराच्या माथी. "तू ते काय लावलं तवापासून फोन बिघडला."

त्याआधीचं नेट म्हणजे सायबर कॅफे. प्लायवूडचे कप्पे, त्यांना पडदे, तासावर पैसे आणि अर्ध्या तासाच्या खाली हिशेब नाही. विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं खरं, पण ती बातमी महानगरांची. आम्ही ती पेपरात वाचली आणि शाळेत गेलो. पुढं काही घरांत संचारनेटचं डायल-अप आलं. मॉडेमची ती किंचाळी, छप्पन केबीपीएसची कमाल मर्यादा, आणि तेवढा वेळ फोन एंगेज. अमरावतीहून मामा तासभर फोन लावत राहायचे आणि शेवटी एसटीनंच येऊन उभे राहायचे.

बीएसएनएलनं डेटावन सुरू केलं ते जानेवारी २००५ मध्ये. आदल्या वर्षीच्या सरकारी धोरणानं ब्रॉडबँड कशाला म्हणायचं ते ठरवून दिलं होतं: किमान २५६ केबीपीएस. आमच्या भागात ते यायला आणखी काही काळ गेला. आलं तेव्हा घरोघरी प्लॅनवर चर्चा झडली. अडीचशे रुपयांत महिन्याला ४०० एमबी. वर गेलं की प्रत्येक एमबीचा पैसा. आज पाहुणा येऊन सोफ्यावर बसतो आणि चहा येईपर्यंत एवढं वापरून टाकतो. तेव्हा ते महिनाभर पुरवायचं होतं. काही घरांत भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, एमबी लिहिलेले असायचे. फोटो असलेली मेल उघडायची की नाही यावर बहीणभाऊ भांडायचे.

पाचशेच्या प्लॅनमध्ये मात्र रात्री दोन ते सकाळी आठ मोकळं रान. ही बातमी गावात पसरली आणि पोरांच्या झोपेचं गणित बदललं. एक सिनेमा सीडीवर मावेल एवढा, म्हणजे ७०० एमबीचा. २५६ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ३२ केबी. भागाकार करा, सहा तासांपेक्षा थोडंसं जास्त येतं. आणि मोकळी वेळ नेमकी सहा तासांची! शेवटचे वीसएक एमबी दुसऱ्या रात्रीवर जायचे. ती हिरवी पट्टी पुढं सरकायची ती अगदी आमच्या शकुंतलेच्या चालीनं. अचलपूर ते मूर्तिजापूर पाऊणशे किलोमीटरला चारेक तास घेणारी गाडी ज्यांनी पाहिली, त्यांना या पट्टीवर चिडायचा अधिकारच नव्हता. गजर लावून दोनला उठायचं, डाउनलोड लावायचं, मॉनिटर बंद करून परत पडायचं. सीपीयूचा पंखा घरघरत राहायचा. पाणी प्यायला उठलेले बाबा अंधारात त्या दिव्याकडे बघून म्हणायचे, "हे काय चालू ठेवलं बे? बंद कर नं." आणि मग थोड्या वेळानं, "किती झालं?"

तेव्हाचं नेट एका जागी बांधलेलं होतं. संगणक बैठकीत, तोंड दाराकडे, म्हणजे येणाराजाणारा पडद्यावर डोकावून जाणार. मोठा भाऊ नोकरीला लागून लॅपटॉप घेऊन आला तेव्हा पहिल्यांदा दुसऱ्या खोलीत नेट न्यायची गरज पडली. राउटर महाग, तार स्वस्त. म्हणून आधी तार. अमरावतीहून लॅन केबल आणली, आरजे-४५ची टोकं आणली, क्रिम्पिंगचा चिमटा हार्डवेअरचं शिकणाऱ्या मित्राकडून उसना. वरचं निळं कातडं पात्यानं सोलायचं, आतल्या आठ तारांचे पीळ उकलायचे, आणि त्या नखानं सरळ करत ओळीनं लावायच्या: पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मधोमध निळी जोडी का घुसवायची हे कुणी सांगितलं नव्हतं, पण क्रम चुकला की दिवा लागत नाही एवढं पक्कं कळलं होतं. आठही तारांची टोकं एका रेषेत कापायची, टोकात सारायची, आणि चिमटा दाबायचा. कट् असा आवाज येतो. एकदा दाबलं की ते टोक उलगडून पुन्हा वापरता येत नाही, म्हणून दाबायच्या आधी भाऊ, मी आणि लायटिंगची कामं करणारे शेजारचे काकाजी अशी तीन डोकी त्या इवल्याशा प्लास्टिकवर वाकलेली असायची.

राउटर आला तो दिवाळीच्या आसपास, बहुतेक घरांत दिवाळीच्याच पैशांतून. खोक्यावर तीन पायऱ्यांची चित्रं होती: जोडा, लावा, वापरा. प्रत्यक्षात जोडलं, लावलं, आणि काहीच झालं नाही. कारण मोठं गमतीचं होतं आणि अर्ध्या गावाला त्यानं छळलं. मॉडेमचा पत्ता १९२.१६८.१.१. नव्या राउटरचाही कित्येकदा तोच. एकाच घरात एका नावाची दोन माणसं. हाक मारली की कोणी ओ द्यायची? उपाय दोन. एक तर राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.२.१ करायचा, नाहीतर मॉडेमला ब्रिज मोडमध्ये टाकून नुसता पाइप करायचा आणि लॉगिनचं काम राउटरकडे द्यायचं. दुसरा उपाय शहाणा. पण ब्रिज करायला मॉडेमच्या पोटात शिरावं लागे. अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन. मग व्हीपीआय शून्य, व्हीसीआय पस्तीस. पीपीपीओई. शेवटी अ‍ॅट द रेट डेटावन. शून्य-पस्तीस म्हणजे काय हे आमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं, पण झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. वहीच्या मागच्या पानावर हे सगळं लिहिलेलं असे, आणि ती वही गल्लीत फिरे. कांडलीपासून सदर बाजारापर्यंत सायकलवर जाऊन लोकांची नेटं जोडून देणारी पोरं होती. त्यांना पैसे कोणी देत नसे, पोहे मिळत.

या खटाटोपात आबाजींनी विचारलेला एक प्रश्न आम्ही तेव्हा हसण्यावारी नेला: "याचा परवाना काढला का?" त्यांच्या ट्रंकेत रेडिओच्या परवान्याचं पुस्तक होतं. १९३३ च्या बिनतारी कायद्याखाली घरातल्या रेडिओलाही परवाना लागे, तो पोस्टातून काढायचा, दरवर्षी पैसे भरून नवा करायचा. ऐंशीच्या दशकात ही कटकट सुटली. नुसतं ऐकायला परवाना लागत होता, तर हा डबा चक्क लहरी सोडतो, मग याला लागत कसा नाही? प्रश्न बरोबरच होता. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या यंत्रांसाठी परवान्यातून मोकळा झाला तो २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेनं, म्हणजे डेटावन निघालं त्याच महिन्यात. परवाना काढायची गरज उरली नव्हती, पण आबाजींनी विचारलं तेव्हा हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही "नाई लागत" असं ठोकून दिलं, आणि ते खरं निघालं.

खरी लढाई घराशी होती. परतवाडा-अचलपूरच्या जुन्या घरांत भिंती पांढऱ्या मातीच्या, हात-दीड हात जाडीच्या. त्या उन्हाळ्यात घर थंड ठेवतात म्हणून आम्ही आजवर त्यांचं कौतुकच करत आलो होतो. वाय-फाय त्यांच्यात मुरून जातं. बैठकीत पाच काड्या, माजघरात दोन, मागच्या खोलीत शून्य. राउटर कुठं ठेवायचा यावर मग घरात सभा भरली. टीव्हीवर ठेवला तर बाबांना मध्येच काळा डबा दिसतो. आलमारीत ठेवला तर लोखंडाच्या पत्र्यातून काही बाहेर येत नाही. शेवटी बैठक आणि माजघर यांच्या मधल्या भिंतीतली दिवळी सापडली. कधीकाळी तिथं कंदील असे, मग देवीच्या फोटोसमोरची उदबत्ती. दिवळीचा मागचा भाग वीतभरच जाडीचा, त्यामुळे लहरींना तेवढीच भिंत ओलांडावी लागे. घर बांधणाऱ्यानं उजेडासाठी हेरलेली जागा या कामालाही बरोबर बसली. आईनं डब्याखाली क्रोशाचा रुमाल घातला, वरही एक घालायला निघाली होती. डबा गरम होतो, त्याला हवा लागते, हे पटवून वरचा रुमाल वाचवला.

आणि मग एप्रिल आला. हिवाळाभर मागच्या खोलीत कसंबसं येणारं नेट अचानक गेलं. बॅंडविड्थ, चॅनल, सगळं तपासून झालं. कुणी म्हणालं चॅनल सहावरून अकरावर न्या, नेलं. एकवर आणून पाहिलं. फरक नाही. चोर निघाला कूलर. वऱ्हाडात उन्हाळा लागला की पत्र्याचा भलामोठा कूलर स्टँडवर चढतो, वाळा भरला जातो, टाकी भरली जाते. आमचा कूलर दिवळी आणि मागची खोली यांच्या बरोबर रेषेत, आतल्या खिडकीत उभा होता. लोखंड लहरी परतवतं, आणि पाणी २.४ गिगाहर्ट्झ शोषून घेतं. वाळ्याच्या ओल्या ताट्या, बादल्या बादल्या पाणी आणि चारी बाजूंनी पत्रा: यापेक्षा चांगला अडसर ठरवून बांधता आला नसता. पंचेचाळीस डिग्रीत कूलर हलवायची सूचना करणाऱ्याला घरातून काय ऐकावं लागलं असेल ते सांगत नाही. नेटनं जागा बदलली. उन्हाळ्यात लॅपटॉप माजघरात, पावसाळा लागला की परत मागच्या खोलीत. बऱ्याच घरांत हे वेळापत्रक असंच होतं. लोणच्याच्या बरण्यांच्या वेळापत्रकाला कोणी कारण विचारत नाही, तसंच यालाही पुढं कोणी विचारेना.

भारनियमनाची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण त्या वर्षांत दिवसातले कित्येक तास लाईटच नसायची. फोन मात्र चालायचा. एक्सचेंजमधल्या बॅटऱ्यांवरून ४८ व्होल्टचा पुरवठा त्या तांब्याच्या तारेतूनच येतो, फोनला घरची वीज लागत नाही. मॉडेमला लागते. "फोन चालू हाये, मंग नेट कायले बंद हाये?" हा आईचा प्रश्न तर्काला धरूनच होता. इन्व्हर्टर आला तेव्हा त्यावर काय काय घ्यायचं याची यादी झाली: दोन ट्यूबलाइट, एक पंखा, आणि पुष्कळ वादानंतर दिवळीतला प्लग. मोठ्या काकूंचं म्हणणं होतं की त्यापेक्षा स्वयंपाकघरातला पंखा घ्या. त्यांचं चुकत नव्हतं, पण मत देणारी पोरं जास्त होती.

रोहिणी-मृगाच्या तोंडाला मेळघाटकडून ढग उतरले की दुसरं काम. वीज कुठंतरी लांब पडते, पण तार तिला थेट दिवळीपर्यंत घेऊन येते. एका कडाडण्यात गल्लीतले चार मॉडेम उडालेले सगळ्यांनी पाहिले होते. त्यामुळे पहिला गडगडाट झाला की नुसता विजेचा प्लग काढून भागत नसे, टेलिफोनची वायरही काढायची. हे काम घरात ज्याच्याकडे असे, तो छतावरची वाळवणं सोडून आधी तिकडे पळायचा. आमच्याकडे ते आबाजींनी स्वतःहून घेतलं होतं. त्यांनी नेट कधी वापरलं नाही. पण ती छोटीशी क्लिप दाबून वायर ओढायची त्यांची हातोटी अशी, की आम्ही घाईत क्लिपा मोडायचो आणि ते कधी मोडत नसत.

पासवर्ड सुरुवातीला कोणीच ठेवत नव्हतं. शेजाऱ्याच्या पोराला ओसरीवर बसून नेट मिळतं तर मिळू दे, त्यांच्या विहिरीचं पाणी आपण नेत होतोच की. मग २००८ च्या जुलैत अहमदाबादच्या स्फोटांआधी धमकीचा ई-मेल गेला, आणि तपासात तो नवी मुंबईतल्या एका घरच्या उघड्या वाय-फायवरून गेल्याचं निघालं. त्या घरातल्या माणसाचा त्याच्याशी संबंध नव्हता; पोलीस मात्र आधी त्याच्याच दारात गेले. पेपरात हे आलं त्या आठवड्यात परतवाड्यातली उघडी नेटं भराभर बंद झाली. डब्ल्यूपीए-टू निवडा, पासवर्ड किमान आठ अक्षरांचा. आठ अक्षरं घरातल्या सगळ्यांना आठवतील अशी कोणती? बहुतेक घरांनी एकच युक्ती केली. घराण्याचं आडनाव किंवा देवाचं नाव, आणि त्यापुढं आपल्याच लँडलाइनचा सहा आकडी नंबर. सुरक्षेच्या दृष्टीनं याहून वाईट पासवर्ड नसेल. डिरेक्टरी उघडली की निम्मं गाव खुलं.

ज्यांनी हे सगळं जोडलं ती पोरं एक-एक करून पुण्याला, हैदराबादला, त्याच्याही पलीकडे गेली. नेट मागं राहिलं आणि आईबाबांच्या हाती आलं. संध्याकाळी स्काइप. दोघं कॅमेऱ्यासमोर फोटो काढायला बसल्यागत ताठ बसायचे, बाबा दर वाक्याला "आवाज येऊन रायला का?" विचारायचे. बहिरमची यात्रा डिसेंबरच्या विसापासून सुरू होते. त्या दिवसांत आमच्याकडे अंगणात गोवऱ्यांत रोडगे लागायचे, आणि ते पुण्याला दाखवायचे म्हणून बाबा लॅपटॉप उघडाच दोन हातांवर घेऊन मागच्या दारानं निघायचे. न्हाणीपर्यंत चित्र नीट. विहिरीपाशी आलं की थिजायचं: अर्धा धूर, अर्धी आई, हातात चिमटा. ते चार पावलं मागं यायचे, चित्र हलायचं, तोवर रोडगा उलटून झालेला असायचा. विहिरीच्या पुढं आमच्या नेटची हद्द नव्हती आणि रोडगे नेमके विहिरीच्या पुढं.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि नेट खिशात गेलं. दिवळीतल्या डब्याची किंमत एका महिन्यात उतरली. कित्येकांनी लँडलाइन परत केली. २०२० मध्ये पोरं लॅपटॉप घेऊन घरी परतली, नोकऱ्या माजघरात मांडल्या गेल्या, आणि मग पुन्हा तार आठवली. या खेपेला काचेची. फायबर जोडायला आलेल्या मुलानं दिवळी पाहिली आणि मान हलवली. "काकू, हे इतकं वळत नाई, आतून तुटते." त्याचं खरं होतं, तांब्याला हवं तसं वाकवता येतं, फायबरला कोपरा सोसत नाही. डबा दारापाशीच बसला. त्याचा पाच गिगाहर्ट्झ तर मातीच्या भिंतीपुढं जुन्याहूनही नाजूक, बैठकीतच संपतो.

दिवाळीला गेलो तेव्हा जुना राउटर आलमारीवरून खाली काढला. हातानं क्रिम्प केलेली निळी केबल भिंतीला अजून तशीच होती. तिचं एक टोक नव्या डब्यात, दुसरं दिवळीतल्या जुन्याच्या लॅन पोर्टमध्ये. पुन्हा तेच पत्त्याचं भांडण होऊ नये म्हणून त्याला १९२.१६८.१.२ दिला, डीएचसीपी बंद केलं. दोन्ही डब्यांना नाव जुनंच दिलं आणि पासवर्डही जुनाच, त्यामुळे घरातले फोन, टीव्ही, आबाजींच्या खोलीतला टॅब, कोणालाही काही न सांगता आपोआप जोडले गेले. भाचीनं मात्र पासवर्ड टाकता टाकता विचारलं, हे शेवटचे सहा आकडे कोणाचे? कोड जोडून तिनं मोबाइलवरून लावूनही पाहिला. हा नंबर अस्तित्वात नाही, असं पलीकडून ऐकू आलं.

"बरं हाये नं मंग," बाबा म्हणाले, "आता खरा पासवर्ड झाला तो. कोणाले माईत नाई."